बर्फातली नळी

६ एप्रिल, रविवार

परत तेच! एक छर्रा टोपीला, पुढचा चपलेला. मधे कुठेतरी दोन दहाच्या वर्तुळात गेले, ते बहुतेक चुकून. गेल्या वर्षी याच रायफलने मी ठाण्याच्या रेंजवर वीस-बावीसच्या पोरांना गप्प करत होतो. आज तीच पोरं सभ्यपणे दुसरीकडे बघत होती. त्याचा जास्त राग आला. हसला असतात तर बरं झालं असतं रे!

गोपीनाथ सरांनी — रेंजचे सेक्रेटरी, आम्हा पंचेचाळिशीच्या पुढच्यांचे आधारस्तंभ — दुर्बिणीतून माझा कागद बघितला आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याकडे वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे "हं" आहेत. हा मयताला जाऊन आल्यावरचा होता.

सगळ्यांच्या रायफली आता दाबलेल्या हवेवर चालतात. माझी जुनी, सीओटू गॅसवर. गॅस म्हणजे घरातला मोठा जावई. ऊन वाढलं की चढतो, एसी लावला की बसतो. त्याचे सगळे नखरे मला पाठ आहेत. पण ऊन असो की गारवा, सगळ्या छऱ्यांना सारखाच लागतो. असं एक वर, एक खाली होत नाही.

मग उरतो हात.

९ एप्रिल, बुधवार

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत हात लांब करून त्यावर टिश्यू पेपर ठेवला. हलला. पंखा बंद केला. तरी हलला. मितेश — शेजारच्या टेबलावर दातांच्या कॅप पॉलिश करतो — म्हणाला, "काय जादूचे प्रयोग चाललेत काय?" त्याच्या हातावर ठेवून बघितला. त्याचाही हलला. पण त्याचा बाप कंपवाताने गेलेला नाही.

दिवसभर लोकांच्या दाढांवर सुईच्या टोकाएवढ्या खाचा कोरायच्या. हात गेला की हेही गेलं. रायफल नंतरची गोष्ट. खरं सांगायचं तर मला रायफलचंच जास्त वाईट वाटेल, पण हे बायकोसमोर, मेघालीसमोर, बोलायची सोय नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज नळी भरली. रायफलच्या नळीच्या खाली दुसरी नळी असते, गॅसची. ती मानपाड्याहून आणलेल्या मोठ्या टाकीतून भरायची. टाकी उलटी टांगायची, म्हणजे आतला पातळ गॅस तोंडाशी येतो. छोटी नळी आधी गार करायची. जेवढी गार, तेवढा गॅस जास्त आत येतो. मात्र काठोकाठ भरायची नाही, गॅसला फुगायला जागा ठेवायची. भरल्यावर किती वजन व्हावं ते नळीवर कोरलेलं असतं. आमचा किचनमधला काटा दिवाळीपासून बंद आहे. पण इतकी वर्षं भरतोय, हातात धरली की कळतं.

पूर्वी नळी फ्रीजमध्ये ठेवायचो. मार्चमध्ये मेघालीने निकाल दिला — "मेथीच्या शेजारी तुझी बंदूक ठेवायची नाही म्हणजे नाही." तेव्हापासून हे खातं आईकडे गेलंय. बाबांच्या बोटीवरची बर्फाची पेटी तिने अजून जपून ठेवली आहे. बोट विकून पंचवीस वर्षं झाली, बाबांना जाऊन सहा, पण पेटी महिन्याला घासून-पुसून उन्हात ठेवते. चुलतभावाच्या मासळीच्या गाळ्यावरून बर्फ येतो, आई नळी त्यात पुरते, वर गोणपाट टाकते. मी मधे मधे केलं की, "तू जा रं, आंघोल कर. बरफाचा मना नको सांगू."

आंघोळ करून आलो तर नळी पांढरीफटक. हात चिकटत होता! गॅस असा सरसरून आत गेला की काय सांगू. फ्रीजला हे कधी जमलं नव्हतं. आईला म्हटलं, भागीरथीबाई, तुमचा कारखाना काढू. खूश झाली.

१३ एप्रिल, रविवार

कारखाना बुडाला. पहिल्याच छऱ्याला रायफल फुरफुरली, तोंडातून पांढरी वाफ. छर्रा नवात, वर. दुसरा सातात, खाली. तिसरा दहात. चौथा मारायच्या आधी हात थांबवला आणि बघत बसलो — अंगठा हलतोय का? जो अंगठा बघत बसतो त्याचा अंगठा हलणारच.

१६ एप्रिल, बुधवार

रायफल सगळी उघडली. रबराच्या रिंगा गॅस पिऊन फुगल्या असतील अशी आशा होती. एक जरा फुगली होती. चारही बदलल्या. हातोडीची स्प्रिंग अर्धा फेरा आवळली, म्हणजे झडप नीट उघडेल. पेचकस धरताना हात एकदम शाबूत! मग नेम धरतानाच काय होतं?

रात्रीचं बोंबलाचं कालवण खारट. म्हणजे असं खारट की आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिघांतली तिसरी आई, तिनेच केलेलं. म्हणाली, "आजकालचा मीठच खारट येतो." मी हसून भातावर दही घेतलं. मेघाली भांडी आवरताना म्हणाली, "अरे, आईंचं जरा मला..." मी म्हटलं, होतं गं एखाद्या वेळी, आणि रिंगांची डबी शोधायला गेलो.

२० एप्रिल, रविवार

स्प्रिंग अजून अर्धा फेरा. मग एक फेरा उलट. मग होती तिथे. छऱ्यांची दुसरी डबी, महाग. जर्मन. फरक शून्य. जर्मनसुद्धा आमच्या कोपर गावच्या माणसापुढे टेकले.

जिल्हा स्पर्धा ११ मेला आहे. माझ्या वयोगटात. नाव दिलेलं आहे. काढून घेऊ का?

२३ एप्रिल, बुधवार

बशीत चहा सांडला. उजव्या हातातून.

२६ एप्रिल, शनिवार

ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. १३ मे, मंगळवार. त्याआधी मिळाली नाही. मेघालीला सांगितलेलं नाही. स्पर्धा होऊ दे, मग जे नाव असेल ते ऐकू.

बाबांचं उजव्या अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. बाबा, लोकांचा मोरू, म्हणजे खाडीतला एक नंबरचा डोलकर, त्याच्या हातातून दोर सुटायला लागला. तेव्हा शेहेचाळीसचे होते. मी ऑगस्टमध्ये होईन. कुणाला सांगितलं नाही त्यांनी. हात पंचाखाली धरून बसायचे. आईला वाटायचं, प्यायला लागलाय. काय काय बोलायची! "हातात जोर नाय, मंग बांगड्या भर." वर्षभर हे. मग डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, आणि आईने आमच्यासमोर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. दोन्ही हातांनी. दक्षताआत्याने धरली तिला. त्यानंतर वीस वर्षं त्यांना घास भरवला, पण आवाज चढवला नाही.

मला ते सगळं नको आहे. मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

२७ एप्रिल, रविवार

रेंजवर गेलो नाही. आई संध्याकाळी विचारत होती, "भरती कवा हाय आज?" मोबाईलवर बघून सांगितलं. तासाभराने परत विचारलं. परत सांगितलं. खाडीवर पाय मोकळे करून आली. सवयीचं माणूस.

१ मे, गुरुवार

आज मला नाचायचं होतं! रेंजवर, त्या सभ्य पोरांसमोर!

सुट्टी म्हणून सकाळी नळी भरली आणि ठाण्याला गेलो. दहा मारले. नेहमीचा तमाशा. रायफल पिशवीत भरत होतो तेवढ्यात गोपीनाथ सर कागद घेऊन आले.

"दिपेश, तुम्ही हा कागद नीट पाहिलात का?"

"बघितला सर. लाज वाटते."

"लाज राहू द्या. भोकं कशी आहेत ते सांगा."

मी बघितलं. एक वर, एक खाली, एक वर...

"उभी आहेत," सर म्हणाले. "डावीकडे एक तरी गेलंय का? उजवीकडे? हात कापणाऱ्याची भोकं चहूकडे जातात. तुमची काठीला ओवल्यासारखी आहेत. हा तुमचा हात नव्हे. हा वेग आहे."

गेल्या महिन्याभरात मी स्प्रिंग बघितली, रिंगा बघितल्या, अंगठा तर हजारदा बघितला. कागद बघितला नाही! सरांनी वेग मोजायचं यंत्र लावलं. एक छर्रा सुसाट, पुढचा रडत-रखडत, पुढचा परत सुसाट. मग नळी काढून ऑफिसातल्या काट्यावर ठेवली. इतके छर्रे मारूनही कोरलेल्या आकड्याच्या वर! गच्च भरलेली, गॅसला फुगायला जागाच नाही. म्हणून पातळ गॅसच झडपेत घुसत होता. ती पांढरी वाफ!

"वजन न करता भरता तुम्ही?" सर असे ओरडले की पोरांनी नेम सोडले. "उन्हात गाडीच्या डिकीत राहिली असती तर? इतकी वर्षं काय शिकलात?"

मी हसत होतो. ते ओरडत होते आणि मी हसत होतो. शेवटी म्हणाले, "बरे आहात ना?" म्हटलं, सर, एकदम बरा आहे. एकदम!

येताना आईला जिलबी घेतली.

३ मे, शनिवार

चोर सापडला.

तीच पेटी, तेवढाच बर्फ, तेवढाच वेळ, मग नळी इतकी भरते कशी? आज आंघोळीला जायचं नाटक केलं आणि दाराआडून बघत राहिलो. आईने बर्फ फोडला, नळी पुरली, आणि मग कनवटीला खोचलेली पुडी सोडून खडे मीठ! दोन मुठी! अगदी भात पेरावं तसं सगळीकडे.

"आई, हे काय?"

"मीठ."

"ते दिसतंय. कशाला?"

"मीठ टाकल्याव बरफ कडक होतो. एवढा शिकलास, इतका पन नाय ठावं?"

बरोबर आहे तिचं! कुल्फीवाला हेच करतो. मिठाने बर्फ आणखी गार होतो, नळी नको तेवढी गार पडते, आणि गॅस नको तेवढा आत जातो. बाबांच्या बोटीवर ती बर्फाला असंच मीठ लावून द्यायची. मी महिनाभर स्वतःचं मरण मोजतोय आणि कारण निघालं कोळणीच्या मुठीतलं मीठ. हसून हसून पोट दुखलं. तिला नीट समजावलं — मासळीला ठीक आहे, नळीला मीठ नाही. "बरा," म्हणाली.

मग मेघालीला सगळं सांगितलं. हात, बाबा, डॉक्टर, सगळं. तिने आधी ओल्या टॉवेलने मला चोपलं, मग रडली. "एकटाच घेऊन बसलास? मी काय शेजारीण आहे?" चूक होती. नाक पुसून झाल्यावर म्हणाली, "आता माझं ऐक. मला आईंबद्दल बोलायचंय." म्हटलं, नंतर बोलू, उद्या प्रॅक्टिस आहे. आज मला फक्त आनंदात राहायचंय.

नवा काटा आणला.

४ मे, रविवार

बिनमिठाचा बर्फ, मी स्वतः पहारा दिला. वजन चोख. स्प्रिंग मूळ जागी. दहा छर्रे — दहाच्या वर्तुळात मिळून एकच भोक, कडा फाटलेलं! गोपीनाथ सर म्हणाले, "हं." बारशाचे पेढे खाल्ल्यावरचा.

म्हातारी रायफल कशी लाडात आलीये! ट्रिगर नुसता विचार केला की सुटतो.

७ मे, बुधवार

लॅबमध्ये एका बाईंची पुढच्या चार दातांची कॅप केली. सुरेख. मितेशने फोटो काढून घेतला. त्याच्या हातावर टिश्यू ठेवून म्हटलं, तुझं बघ बाबा आता.

१० मे, शनिवार

डोकं फिरलंय. उद्या स्पर्धा, आणि आज परत मीठ!

गेल्या शनिवारी समजावलं. मंगळवारी पुन्हा सांगितलं. तिने मान डोलावली. आज नळी काट्यावर ठेवली तर आकडा पार पुढे. पेटीतला बर्फ जिभेला लावून बघितला. खारट! मी ओरडलो. आवाज खूप चढला. "किती वेळा सांगायचं? मुद्दाम करतेस का?"

"मी कवा टाकला? मी नाय टाकला."

तिच्या डाव्या तळव्याला अजून खडे चिकटलेले होते. मी मनगट धरून तिला तिचाच हात दाखवला. "हे काय मग? खोटं कशाला बोलतेस?" ती हाताकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी. मग हळूच पदराला पुसला आणि आत जाऊन बसली.

मेघाली म्हणाली, "ओरडू नकोस. त्या खोटं बोलत नाहीयेत. तेच मी तुला सांगायला बघतेय." म्हटलं, उद्यापर्यंत मला कुणी काही सांगू नका.

जास्तीचा गॅस सोडला, पुन्हा वजन केलं. चोख आहे. आई जेवली नाही. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायला हवी होती.

११ मे, रविवार

तिसरा आलो! जिल्ह्यात तिसरा! पुढचे दोघे हवेच्या, लाखाच्या घरातल्या रायफली घेऊन, आणि तिसरी माझी गॅसवाली म्हातारी. हॉलमध्ये एसी जोरात होता. मी आधीच नळी हॉलमध्ये नेऊन ठेवली, तिला तिथली हवा लागू दिली, नेमाची पट्टी दोन खाचा वर घेतली आणि मग हललो नाही. हात दगडासारखा. मधे एकदा बाबांची आठवण आली. त्यांना हे दिसायला हवं होतं. गोपीनाथ सरांनी चक्क मिठी मारली, "हं" सुद्धा विसरले.

घरी आलो तर आई नाही. मेघाली म्हणते, दुपारपासून दोनदा भरतीची वेळ विचारली, मग मेघालीची पाठ वळली तेवढ्यात गेली. पेटीही जागेवर नाही. माझ्यावर रुसली असणार. पदक तिच्याच गळ्यात घालतो आणि कान धरतो. जाऊन घेऊन येतो.

१३ मे, मंगळवार

आई खाडीच्या पायऱ्यांवर बसलेली सापडली, रविवारी. शेजारी पेटी. पेटीत बर्फ, बर्फावर खडे मीठ, वर गोणपाट नीट चेपलेलं. मला बघून जरा सरकली.

"आयलास? बस. भरती लागली, तुजा बापूस येल आता. बरफ कडक करून ठेवलाय त्याला."

बसलो. अंधार पडेपर्यंत.

ठाण्याच्या डॉक्टरांची आजची वेळ रद्द करायची राहून गेली होती. सकाळी फोन करून फक्त नाव बदलून घेतलं.